दुसरीच्या वर्गातला एक आठवडा

चि. मनूस,



डहाणू तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा मिळाली आणि पहिली-दुसरीचा जोडवर्ग तुझ्याकडे आला, हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेलं दुसरीच्या गणिताचं टाचणही नीट वाचलं. सोमवारी दशक-एकक, मंगळवारी विस्तारित रूप, बुधवारी लहान-मोठी संख्या, गुरुवारी चढता-उतरता क्रम, शुक्रवारी बेरीज, शनिवारी चाचणी. एवढं सगळं सहा दिवसांत घेतलंस तर पुस्तक शिकवून होईल, मुलं मागे राहतील. माझं ऐक, आठवडाभर एकच गोष्ट धर : दोन अंकी संख्या म्हणजे काय. ती कळली की बाकीचं सोपं जातं.

सोमवारी खडू उचलू नकोस. तुमच्याकडे नारळ आहेत, खराट्याचे हीर घे, सारख्या लांबीचे तुकडे कर आणि मूठ मूठ वाटून टाक. दहा मोजून रबर लावण्याचं काम मुलांनीच करायचं. बाईंनी घरून बांधून आणलेला गठ्ठा मुलाला दहा वाटत नाही, एकच जाड काडी वाटते. स्वतः बांधलेला गठ्ठा ते दोनदा सोडून पुन्हा मोजेल. मोजू दे, त्यात वेळ गेला तरी तो सत्कारणी लागतो. 'दोन गठ्ठे, पाच सुट्या' असं सहज म्हणायला लागली की मग पाट्या काढायला सांग.

आणि पाटीवर खरी गंमत सुरू होते. 'पंचवीस लिहा' म्हटलंस की निम्म्या पाट्यांवर 52 दिसेल. मुलाने 'पंच' आधी ऐकलं म्हणून पाच आधी लिहिला, त्याच्या कानाने त्याच्याशी इमानदारी केली. आपण बोलताना एकक आधी घेतो आणि लिहिताना दशक. एकोणतीस तर त्याहून अवघड : त्यात 'तीस' ऐकू येतं म्हणून मूल 39 लिहितं. बरं, एकोणऐंशी, एकोणनव्वद असं म्हणत आलेल्या पोराला नव्व्याण्णवपाशी आपण एकदम वेगळीच रीत सांगतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता! माझं मत विचारशील तर दोन्ही वापर. गठ्ठे मांडताना 'वीस पाच' म्हणू दे, व्यवहारात 'पंचवीस'. बाजारात त्याला पंचवीसच ऐकू येणार आहे, ते चुकवून चालणार नाही.

म्हणून 52 दिसलं की फुली मारू नकोस आणि खोडरबरही देऊ नकोस. शेजारी बस, म्हण, 'हे काड्यांत मांडून दाखव बरं.' मूल पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडेल, ढिगाकडे बघेल, मग तुझ्याकडे बघेल. तिथे घाई करून उत्तर सांगितलंस तर सगळं गेलं. बहुतेक मुलं तीन गठ्ठे स्वतःच मागे सारतात.

आता हजेरीचं. पावसाळ्यात भातलावणी लागली की आई-बाप शेतावर असतात आणि दुसरीतली मुलगी घरी धाकट्याला सांभाळत बसते. 'काल का नाही आलीस' असं वर्गासमोर कधी विचारू नकोस. धाकट्याला घेऊन ये म्हणावं, बसेल कोपऱ्यात. तू ज्या तालुक्यात आहेस तिथेच, बोर्डीला, 1945 साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा नेली. कोसबाड तुला लांब नाही, एका रविवारी जाऊन ये. घरी वारली बोलणारं मूल पहिल्या दिवसांत गप्प बसलं तर त्याला मठ्ठ समजू नकोस, त्याच्या बोलीतले चार शब्द तूच आधी शिक.

जो मुलगा सोमवारी हजर होता आणि मंगळवार-बुधवार नव्हता, त्याच्यासाठी गुरुवारी पुन्हा गठ्ठे काढ. इतरांनाही त्याचा फायदाच होतो. खिचडीच्या वेळी ताटं मोजायला दुसरीवाल्यांना पाठव, दहा-दहाच्या थप्प्या लावायला सांग. तेही गणितच आहे, आणि ते मुलं मन लावून करतात.

शनिवारची चाचणी तेवढी काढून टाक. सकाळची शाळा असते, वेळ थोडा. एकेका मुलाला जवळ बोलावून 'छत्तीस मांड, आता लिही' एवढंच बघ आणि वहीत त्याच्या नावापुढे एक ओळ लिहून ठेव. केंद्रप्रमुखांनी अभ्यासक्रम मागे का म्हणून विचारलं तर ती वही पुढे कर. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही तिसरी संपेपर्यंत मुलाला वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हेच उद्दिष्ट ठरलेलं आहे. तुझ्या दुसरीवाल्यांच्या हातात अजून वेळ आहे.

टाचण नव्याने लिहून पाठव. आणि पुढच्या पत्रात किती मुलांना आलं याचा आकडा नको. ज्यांना आलं नाही ती नेमकी कुठे अडली, ते मला एकेकाचं सविस्तर कळव.

तुझी,
आत्या