भिंत आधी, खड्डा नंतर

मी गवंडी. खटकचिंचोळीत आणि भालकी तालुक्यातल्या आसपासच्या गावांत घरं बांधून देतो. त्याआधी आठ वर्षं पुण्यात मोठ्या इमारतींवर काम केलं. मे 2022 मध्ये माझ्या हातून एक चूक झाली. तिच्यापायी एक धडधाकट माणूस आज काठीशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही. दुसऱ्या कुणा गुत्तेदाराकडून ती होऊ नये म्हणून हे सांगतो आहे.

काम साधंच होतं. जुनं माळवदाचं घर पाडून दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा होता. नऊ लाखांचं गुत्तं. एका अंगाची दगड-मातीची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. ती उतरवायची तर शेजाऱ्यांची समजूत काढणं, त्यांच्या छताला टेकू देणं, चार दिवस मोडणं आलं. पावसाळा तोंडावर आला होता, मालकाला घाई होती आणि माझं लक्ष पुढच्या कामावर होतं. मी म्हणालो, "भिंत राहू द्या, आधी पाया खोदून घेऊ." भिंतीला लागून साडेपाच फूट चर खोदला आणि उकरलेली माती काठावरच टाकली.

त्या रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी भिंतीला पोट आलेलं मी पाहिलं. पाहिलं आणि तरी म्हणालो, "दुपारपर्यंत आटपू." चरात मामा उतरले. आमचं नातं नव्हतं, पण इतकी वर्षं सोबत काम केलेल्या त्या माणसाला सगळी पोरं मामाच म्हणायची. नऊच्या सुमारास भिंत बसली. आम्ही हातांनी दगड उपसले, मामांना जीपमध्ये घालून बीदरला नेलं. जीव वाचला, पण मांडीचं आणि कमरेचं हाड मोडलं ते मोडलंच.

पुढचा हिशेब सगळ्यांनाच भरावा लागला. घरासाठी काढलेल्या कर्जातला मालकाचा पैसा दवाखान्यात गेला, मी माझी मोटारसायकल विकली, मामांच्या घरातलं सोनं सावकाराकडे गेलं. घर वर्षभर जोत्यावरच थांबलं. चार दिवस वाचवायला गेलो आणि एक वर्ष घालवलं.

पण मला सगळ्यांत जास्त खुपतं ते त्याच्या आधीचं. अपघाताच्या चार महिने आधी कामगार खात्याचे निरीक्षक गावात आले होते. बांधकाम मजुरांची नोंदणी चालली होती. मामा म्हणाले, "मी जाऊन येऊ का?" मी म्हणालो, "एक हजेरी बुडेल, पुढच्या वेळी बघू." खरं कारण वेगळं होतं. साहेब आले म्हणजे कागद मागणार, दंड लावणार, अशी माझी समजूत होती. म्हणून त्या दिवशी मी माझी माणसं मागच्या वाटेनं कामावर नेली. मामांकडे नोंदणीचं कार्ड असतं, तर उपचारासाठी आणि अपंगत्वासाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे मदत मागता आली असती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 च्या निकालात नोंदवलं आहे की देशभरात बांधकाम मजुरांसाठी 37,400 कोटींहून जास्त उपकर जमा झाला आणि त्यातले सुमारे 9,500 कोटीच खर्च झाले. मामांसारख्यांसाठीच तो पैसा होता. त्यांचं नाव यादीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

पुण्यात मी असं वागलो नसतो. तिथं सेफ्टीवाले साहेब रोज सकाळी सगळ्यांना उभं करून आजचं काम आणि आजचा धोका सांगत. पट्टा न लावता परांचीवर चढलं की खाली उतरवत. तिथल्या बांधकाम व्यावसायिकांच्या क्रेडाई संघटनेनं 'कुशल' नावाने साइटवरच कामगारांना शिकवण्याचा उपक्रम चालवला. 29 जून 2019 ला कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि 15 जण गेले, तेव्हा मी पुण्यातच होतो. भिंत आणि तिच्या पायथ्याशी खोदकाम, हा धडा मी तिथंच ऐकला होता. गावी आल्यावर तो विसरलो, कारण इथं विचारणारं कुणी नव्हतं.

विचारणारं कुणी का नसतं, हेही समजून घ्या. बांधकाम मजुरांचा 1996 चा कायदा दहा किंवा अधिक मजूर असलेल्या कामांना लागू होता आणि दहा लाखांपर्यंतचं स्वतःचं राहतं घर त्यातून वगळलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत ही मर्यादा 50 लाख झाली. म्हणजे आमच्या गावातलं जवळपास प्रत्येक घर सक्तीच्या बाहेर आहे. सेफ्टी ऑफिसर इथं येणार नाही. मग काळजी कुणी घ्यायची? मालक, गुत्तेदार, पंचायत आणि निरीक्षक यांनी मिळून.

अपघातानंतर निरीक्षक साहेब आले. मी दंडाची वाट बघत होतो. त्यांनी मला चर आणि भिंत कागदावर काढायला लावली आणि कुठं चुकलं ते माझ्याकडूनच वदवून घेतलं. तो अर्धा तास खोदकामाच्या आदल्या दिवशी मिळाला असता, तर मामा आज काठीशिवाय चालले असते. त्यानंतर आम्ही काही गुत्तेदार मिळून पंचायतीत गेलो, साहेबांनाही बोलावलं, आणि कामाची रीत ठरवली. ती सांगतो.

जुनं घर पाडताना आधी माळवदाची माती उतरवा, मग लाकूड, मग भिंत वरून खाली. सामाईक भिंत पूर्ण उतरवल्याशिवाय किंवा टेकू देऊन पक्की धरल्याशिवाय तिच्या पायथ्याशी टिकाव मारू नका. या भिंती बाहेरून भक्कम दिसतात, पण दोन दगडी थरांच्या मधे नुसती माती असते. पाणी मुरलं की एक थर दुसऱ्याला सोडून देतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंतींखाली हजारो माणसं गेली.

पाच फुटांपेक्षा खोल चर असेल तर त्याच्या बाजूंना उतार द्या किंवा फळ्या लावून आधार द्या. माती काठापासून निदान तीन फूट लांब टाका. चरात शिडी ठेवा. पाऊस पडून गेला की कुणालाही उतरवण्याआधी स्वतः फिरून बघा. भिंतीला पोट दिसलं तर त्या दिवशी काम बंद.

घरावरून किंवा शेजारून 11 हजार व्होल्टची तार जात असेल तर आधी वीज कंपनीला, जेस्कॉमला, अर्ज द्या. नियमानं अशी तार बांधकामापासून बाजूनं 1.2 मीटर आणि वरून 3.7 मीटर दूर हवी. चाळीस फुटी सळई वर चढवताना हे अंतर क्षणात संपतं.

गुत्त्याच्या कागदावर टेकू, शिडी, हेल्मेट आणि पट्टा यांचा खर्च वेगळा लिहा. दरात मिसळलेला खर्च घासाघीस करताना सगळ्यांत आधी उडतो. मालकांनीही तो देताना हात आखडू नये.

आणि नोंदणी. वय 18 ते 60, मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम, आणि त्याचा दाखला, एवढं लागतं. तो दाखला देणं हे आम्हा गुत्तेदारांचं काम आहे. कार्डाचं नूतनीकरणही वेळेत करून घ्या. अडलं तर कर्नाटक कामगार खात्याची मदतवाहिनी 155214 आहे.

अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. आमच्या सीमाभागातल्या पुष्कळ मजुरांना कन्नड अर्ज वाचता येत नाही. त्यांच्याशी मराठीत बोला, सूचना मराठीतही लावा. पंचायत घराची परवानगी देते त्याच दिवशी मालकाला आणि गुत्तेदाराला समोर बसवून या गोष्टी सांगा. अपघातानंतर पंचनाम्याला याल, त्याआधी एकदा पाया आखताना या.

गुत्तेदार भावांनो, साहेब गावात आले तर माझ्यासारखे मागच्या वाटेनं जाऊ नका. त्या दिवशी काम थांबवा आणि आपल्या माणसांना घेऊन पुढच्या दारानं पंचायतीत जा. बुडालेली हजेरी तुम्ही स्वतः भरून द्या. मामांची एक हजेरी मी वाचवली होती, आणि त्यानंतर ते कधीच कामावर येऊ शकले नाहीत.