वेलचेरीत नवी सायकल

नव्या सायकलस्वाराची पहिली तक्रार गुडघ्यांची असते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा सीटमध्ये सापडते. बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेकले की जिवाला बरे वाटते, म्हणून सीट खाली ठेवली जाते. मग प्रत्येक फेरीला गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि चेन्नईतल्या वेलचेरी ते तरमणीसारख्या सपाट रस्त्यावरही मांड्या भरून येतात. उंची ठरवायला भिंतीला हात टेकवून सायकलवर बसावे, पॅडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पॅडलवर येतो आणि हवा तेवढा बाक गुडघ्यात राहतो. कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली तर सीट फार वर गेली समजावे. सीटच्या दांडीवर मर्यादेची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो; सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, पण जमते.

टायरमध्ये किती हवा हवी ते टायरच्या कडेवरच छापलेले असते. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज फसतो. हवा कमी असली की खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. पंक्चरवाल्याने अशी जोडी दाखवली तर खिळा शोधत बसू नये.

ब्रेकचा दांडा दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर तार सैल आहे. रबर रिमवरच बसावे, टायरला घासू नये. पुढचा ब्रेक जास्त जोर लावतो. तो एकटा करकचून दाबला तर स्वार पुढे फेकला जातो. दोन्ही एकदम, चढत्या दाबाने वापरावेत.

वेलचेरीची खरी परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात होते. पळ्ळिकरणै पाणथळीलगतचा हा सखल भाग; 2015 च्या डिसेंबरात इथली घरे पाण्यात होती. एरवीही थोड्या पावसात रस्त्यावर पाणी तुंबते, आणि त्याखाली खड्डा आहे की उघडे गटार हे वरून कळत नाही. तळ दिसत नसलेल्या पाण्यात सायकल घालू नये, फेरा पडला तरी चालेल. रिम ओले असताना रबर उशिरा पकडते. म्हणून थांबायच्या बरेच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावे.

विजयनगर चौकात बस थांब्यासाठी डावीकडे येते, तेव्हा बस आणि फुटपाथ यांच्या फटीत शिरणे म्हणजे आपण होऊन चिरडून घेणे. बस थांबली तर मागे थांबावे. उजवे वळण धास्तीचे वाटत असेल तर उतरून, सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा नाही. उड्डाणपूल नवख्याने टाळावा. अंधार पडण्याआधी मागचा लाल दिवा लावावा.

भिजून घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसावी, कड्याकड्यावर तेलाचा थेंब सोडावा आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे, नाहीतर त्यावर वाळू चिकटते. समुद्राच्या दमट हवेत चेनला गंज चढायला वेळ लागत नाही.