कोपरावरील सूज : ओळख व उपचार

दुकानदार लोडावर कोपर टेंकून हिशेब पाहतो, विद्यार्थी मेजावर कोपरें टेंकून तासचे तास वाचीत बसतो. अशा माणसाच्या कोपराच्या टोंकावर एखादे दिवशीं लिंबाएवढी मऊ सूज दिसूं लागते, आणि घरांतील मंडळी विचारतात, ‘ही फोडावी कीं तशीच ठेवावी?’ ह्या प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

कोपराचें हाड व त्यावरील कातडी ह्यांच्यामध्यें एक पातळ पिशवी असते. तिच्यांत अगदीं थोडा बुळबुळीत द्रव असतो; त्यामुळें हात वांकवितांना कातडी हाडावरून सहज सरकते. वारंवार दाब पडल्यानें किंवा मार लागल्यानें ह्या पिशवींत द्रव सांचतो. संधिवातानेंही कधीं कधीं असें होतें. डॉक्टर ह्या विकारास बर्सायटिस म्हणतात.

ही सूज दोन प्रकारची असते, व त्यांतील भेद ओळखणें हेंच मुख्य होय.

साधी सूज मऊ असते. ती लाल किंवा गरम नसते, फारशी दुखत नाहीं, आणि हात बहुधा पूर्वीप्रमाणें हलतो. हिला विश्रांति हेंच औषध. कोपर टेंकण्याचें सोडावें. तें शक्य नसल्यास खालीं जाड मऊ गादी घ्यावी. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां लावावा. पट्टी बांधल्यास ती घट्ट नसावी. बोटें बधिर होऊं लागल्यास लागलीच सोडावी. सूज उतरण्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणून धीर धरावा.

दुसरी सूज लाल व गरम असते, स्पर्श सहन होत नाहीं, आणि पुष्कळदां ताप येतो. ओरखड्यांतून किंवा जखमेंतून जंतु पिशवींत शिरल्याचें हें चिन्ह आहे. अशा रोग्यास, विशेषतः तो मधुमेही असल्यास, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. ते निर्जंतुक सुईनें द्रव काढून तपासतात व जंतुनाशक औषध देतात. विलंब केल्यास जंतु रक्तांत पसरून जिवावर बेततें. पडल्यानंतर सूज येऊन हात सरळ होत नसेल, तर हाड मोडलें असण्याचा संभव असतो. तेव्हांही दवाखाना गांठावा.

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर. सूज कोणत्याही प्रकारची असो, घरीं ती कधींही फोडूं नये. सुई किंवा कांटा टोंचल्यानें, अथवा डाग दिल्यानें कातडी उघडी पडते, आणि आपोआप बरी होणारी सूज आपल्याच हातानें जंतूंच्या स्वाधीन होते. शिवाय दाब चालूच राहिल्यास काढलेला द्रव पुनः भरतो. म्हणून वाचकांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, थंड सुजेस विश्रांति द्यावी, तापलेल्या सुजेस डॉक्टर दाखवावा, आणि सुई घरांत शिवणाकरितांच ठेवावी.