भिंतींतील उष्णतेचा साठा

जैसलमेर हे शहर थरच्या वाळवंटात वसलेले आहे. तेथे उन्हाळ्यात दुपारचे तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जाते. परंतु सूर्यास्तानंतर निरभ्र आकाशाखाली हवा लवकर निवते. येथील जुन्या घरांच्या भिंती पिवळ्या वालुकाश्माच्या व जाड आहेत. छपरात लाकडी तुळयांवर गवताच्या चटया व त्यांवर मातीचा जाड थर असतो. भर दुपारी ही घरे आतून थंड राहतात, याचे एक मुख्य कारण दगडमातीच्या उष्णता साठविण्याच्या शक्तीत आहे.

एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे 1.2 किलोज्यूल उष्णता पुरते. तितक्याच आकारमानाच्या दगडाला सुमारे 2,000 किलोज्यूल लागते. म्हणून पुष्कळ उष्णता शोषूनही दगडी भिंत फारशी तापत नाही. शिवाय तिच्यातून उष्णता सावकाश पुढे सरकते. भिंत सुमारे 40 सेंटिमीटर जाड असेल, तर दुपारची उष्णता आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. त्या वेळी खिडक्या उघडल्या, की गार वारा ती उष्णता वाहून नेतो व भिंत दुसऱ्या दिवसासाठी सिद्ध होते.

हाच गुण थंड प्रदेशात उलट कामी येतो. फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स ट्रॉम्ब व जाक मिशेल यांनी 1967 मध्ये एक घर उभारले. त्याच्या दक्षिणेकडील जाड भिंतीला काळा रंग देऊन पुढे थोड्या अंतरावर काच बसविली होती. दिवसा साठलेली उन्हाची ऊब अशी भिंत रात्री खोलीला देते. लडाखमधील अनेक इमारतींत या रचनेचा उपयोग झाला आहे.

मात्र उष्णता साठविणे आणि ती अडविणे या भिन्न गोष्टी आहेत. उघड्या काँक्रीटचे पातळ छप्पर दुपारची उष्णता संध्याकाळीच, माणसे विसाव्याला येतात तेव्हा, खोलीत सोडू लागते. कोकण किनाऱ्यावर दिवस व रात्र यांच्या तापमानात फरक थोडा असतो. त्यामुळे तापलेली भिंत रात्रीही पुरेशी निवत नाही. तेथे उतरते छप्पर, सावली देणारी पडवी आणि खेळती हवा अधिक उपयोगी पडतात. म्हणून भिंतीची जाडी ठरविण्यापूर्वी त्या गावची रात्र किती थंड असते, हे पाहणे आवश्यक आहे.