डीएनए आणि लिपिडचा पडदा

होस्टेलच्या बाथरूममध्ये शाम्पू आणि कंडिशनर शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. शाम्पू पाण्याबरोबर निघून जातो, कंडिशनर मात्र केसांवर थोडा उरतोच. कारण ओल्या केसांवर ऋण प्रभार असतो. शाम्पूचे रेणूही ऋण, कंडिशनरचे धन. एवढं ध्यानात ठेवलंत तर आजचा विषय निम्मा समजला म्हणून समजा.

डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे गट असतात. प्रत्येक बेस-जोडीमागे २ ऋण प्रभार, आणि दोन जोड्यांतलं अंतर फक्त ०.३४ नॅनोमीटर. म्हणजे १ नॅनोमीटर लांबीत जवळजवळ ६ ऋण प्रभार! पेशीचा पडदा लिपिडच्या दोन थरांचा. त्यातले बरेच रेणू एकूणात उदासीन, काही ऋण. शिवाय पडद्याचा आतला भाग तेलकट. त्यामुळे बाहेरून टाकलेला डीएनए आपणहून आत शिरत नाही. जीन-उपचाराची मोठी अडचण इथेच आहे.

१९८७ साली फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धन प्रभाराचं लिपिड वापरून डीएनए पेशीत पोचवून दाखवला. १९९७ साली रॅडलर, साफिन्या वगैरेंनी ही जोडी क्ष-किरणांनी तपासली, तर चक्क सँडविच निघालं : लिपिडचे थर एकावर एक, मधे डीएनएचे दांडे समांतर मांडलेले.

आता तुम्ही म्हणाल, धन-ऋण आकर्षण, त्यात नवीन काय? गंमत पुढेच आहे. पाण्यात डीएनएला सोडियमसारखे आयन बिलगलेले असतात आणि धन लिपिडला क्लोराइड. दोघं एकत्र आले की हे आयन सुटे होऊन पाण्यात पांगतात. थर्मोच्या पेपरात छळणारी एन्ट्रॉपी वाढते, आणि जोडी जमण्यामागचा मोठा जोर हाच. पाण्यात आधीच भरपूर मीठ असेल तर आयन सुटून फारसा फायदा होत नाही, जोडी ढिली पडते. पानांतला डीएनए सीटॅब वापरून काढताना हेच दिसतं. मीठ जास्त असताना डीएनए विरघळलेला राहतो. मीठ कमी केलं की सीटॅबसोबत त्याचा साका खाली बसतो.

पण नुसतं चिकटून भागत नाही, आत गेल्यावर सुटायलाही हवं. शिवाय कायम धन असलेलं लिपिड पेशीला अपाय करू शकतं. म्हणून आम्लतेनुसार प्रभार बदलणारी लिपिडं आली : रक्तात जवळपास उदासीन, आम्लात धन. पेशीने कण गिळला की त्याभोवतीच्या पिशवीत आम्लता वाढते, लिपिड धन होतं, पिशवीच्या ऋण लिपिडांत मिसळून तिला भोक पाडतं. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लसींत आरएनए असाच आत गेला. आरएनएही ऋणच ना!

मी कोयनानगरचा. शिवसागरापलीकडच्या वाड्यांवर लस न्यायची म्हणजे शीतपेटी आणि लाँच. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. ते तिथे कसं जमणार? पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक-ओएम ही एमआरएनए लस जून २०२३ मध्ये आली, ती कोरड्या भुकटीच्या रूपात, २ ते ८ अंशांत टिकणारी. म्हणजे आरोग्य केंद्रातला लसींचा नेहमीचा फ्रिज पुरे.

लिपिडचे कण सुकवायचे, पुन्हा पाण्यात कालवायचे, तरी ते बिघडता कामा नयेत. केमिकल आणि मेकॅनिकलवाल्यांनो, हा प्रश्न आपल्याच सिलॅबसमधला आहे. तेव्हा बायोटेकच्या लॅबमध्येही एक चक्कर मारा!