चौकटीबाहेरची भीती : व्हिडिओ कॉलवरचा भयपट आणि आपला वर्ग



आठवी-नववीच्या मुलांना एकदा सहज विचारून बघा, "तुम्ही पाहिलेला सगळ्यात भीतीदायक व्हिडिओ कोणता?" एरवी वाचनाच्या तासाला मान खाली घालून बसणारी मुलंही हात वर करतात. घरी टीव्हीवर भयपट लागला तर आपण बंद करू, पण तीस सेकंदांचे तुकडे मोबाईलवर रोज येतात, आणि मुलं ते पांघरुणात डोकं घालून एकटीच बघतात. रात्री झोप लागत नाही हे मात्र कुणाला सांगत नाहीत. म्हणून हा विषय टाळण्यापेक्षा पाठ म्हणूनच घ्यावा, असं माझं मत आहे.

आज बोलू या ते एका खास प्रकाराबद्दल. सगळी गोष्ट वेबकॅमवरच्या गप्पांतून सांगणारा, कमी पैशांत केलेला भयपट. २००२ सालचा 'द कॉलिंग्जवूड स्टोरी' हा मायकेल कोस्टान्झा यांचा अमेरिकन सिनेमा या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. शिकायला दुसऱ्या गावी गेलेली मुलगी आणि तिचा मित्र वेबकॅमवर बोलत राहतात, आणि त्या बोलण्यातूनच घराचा जुना इतिहास उलगडत जातो. लक्षात घ्या, तेव्हा स्काईप नव्हतं, यूट्यूब नव्हतं. दिग्दर्शकाकडे मोठा सेट नव्हता, होती ती माणसं, खोल्या आणि एक कल्पना.

खरा अभ्यास करण्यासारखा सिनेमा मात्र २०२० चा 'होस्ट'. रॉब सॅव्हेज यांनी तो इंग्लंडमध्ये लॉकडाऊनच्या काळात केला. आपण इकडे "सर, आवाज येत नाही" ऐकत तास घेत होतो, तेव्हा तिकडे ही मंडळी झूमवरच भूतकथा रचत होती. दिग्दर्शक दुसऱ्या घरी. कलाकार आपापल्या घरी, स्वतःच कॅमेरा लावणार, स्वतःच दिवे बघणार. सिनेमा तासाभराचाही नाही. कथा एवढीच : मैत्रिणी कॉलवर जमून आत्मा बोलावण्याचा प्रयोग करतात. त्यातली एक गंमत म्हणून मेलेल्या मित्राची खोटी गोष्ट रचते, आणि त्या खोट्याचा मुखवटा घालून दुसरंच काहीतरी आत येतं.

आता यातली कारागिरी बघा. मोफत कॉलला चाळीस मिनिटांची मर्यादा असायची, आपल्याला चांगलीच आठवते! सिनेमात शेवटी तीच उलटी मोजणी पडद्यावर येते आणि जीव टांगणीला लागतो. एका मुलीने बॅकग्राउंडला स्वतःचाच व्हिडिओ लावलेला असतो. तिच्यावर संकट आलं तरी मागे ती निवांत खोलीत येताना दिसत राहते. एके ठिकाणी चेहऱ्यावर बसणारा फिल्टर रिकाम्या हवेत जाऊन बसतो. भूत दाखवलंच नाही, तरी अंगावर काटा येतो.

हा फिल्टरचा प्रसंग विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर घ्यावा. मोबाईल चेहरा 'ओळखतो' म्हणजे काय, तर उजेड-सावलीची ठरावीक मांडणी शोधतो. पडद्याच्या चुण्या, दाराची कडी यांतही त्याला कधी डोळे-नाक सापडतात. आपला मेंदूही हेच करतो, ढगात चेहरे बघतो. मुलांनी घरी भिंतीवर, भांड्यांवर असे चेहरे शोधून वहीत काढले की अर्धी भीती तिथेच उतरते.

न दिसणाऱ्याची भीती समजवायला आम्हा पडेगावकरांना लांब जायला नको. दौलताबादचा किल्ला याच रस्त्यावर पुढे आहे. तिथल्या अंधारीतून ज्यांनी मुलांची सहल नेली असेल त्यांना ठाऊक आहे : वळणं, चढ, मिट्ट काळोख आणि वटवाघळांचा वास. किल्ला बांधणाऱ्यांनी शत्रूची नजरच काढून घेतली. वेबकॅमची चौकट तेच करते. समोरच्याच्या पाठीमागचं दार दिसतं, दारापलीकडचं दिसत नाही. उरलेलं काम आपलं मन करतं.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. असे सिनेमे पाहून मुलं प्लँचेट खेळतात, वाटीवर किंवा नाण्यावर बोटं ठेवतात. ती खरंच सरकते, म्हणून घाबरतात. "थोतांड आहे" एवढं म्हणून भागत नाही, कारण सरकलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. १८५३ साली मायकेल फॅरेडे यांनी हेच तपासलं. तेव्हा लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत आणि टेबल फिरे. फॅरेडेंनी हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणारे थर आणि एक दर्शक काटा बसवला. आधी हात सरकतात, मग टेबल, हे उघड झालं. आणि काटा समोर दिसू लागला की टेबल थांबायचं! माणसं लबाडी करत नव्हती. नकळत ढकलत होती. हा फरक मुलांना नीट सांगा. नाहीतर ती एकमेकांवर "तूच ढकललीस" म्हणून भांडत बसतात.

वर्गात सिनेमा दाखवू नका. तो मोठ्यांसाठी आहे, त्यात हिंसा आहे. 'अनफ्रेंडेड' हा २०१४ चा सिनेमा तर ऑनलाइन छळ आणि आत्महत्येवर आहे, तो मुलांच्या हाती एकटा पडूच नये. आपल्याला हवी ती फक्त युक्ती. कथालेखनाच्या तासाला अट घाला : पूर्ण गोष्ट व्हिडिओ कॉलवरच्या बोलण्यातून सांगायची, 'भूत' हा शब्द वापरायचा नाही, आणि काहीतरी एकच चौकटीबाहेर ठेवायचं. वर्णनाला वावच नसल्यामुळे मुलं संवाद खरे लिहू लागतात : "आजी, तुझ्या मागं कोण उभंय?" "कुणी नाही गं, मी एकटीच आहे." दोन ओळींत वर्ग गप्प होतो. पुस्तकी भाषेचा आग्रह इथे धरू नका, मराठवाडी बोली येऊ द्या. भूतकथा नको असेल तर मल्याळम 'सी यू सून'चं उदाहरण आहेच. २०२० मध्येच महेश नारायणन यांनी पडद्यावरच्या चॅट आणि कॉलमधून हरवलेल्या मुलीचा शोध त्यात मांडला.

आणि घरी मूल घाबरलं असेल तर तोच तुकडा दिवसा, शेजारी बसून, आवाज पूर्ण बंद करून पुन्हा बघा. मग आवाज चालू करून बघा. कुठे दचकलास, आधी शांतता किती वेळ होती, कॅमेरा कुणाच्या हातात असेल, हे त्यालाच विचारा. आमच्याकडची मुलं आता सेकंद मोजत बसतात.