प्रकल्पाची सनद : अपेक्षा आधी लिहून ठेवण्याविषयी

रुग्णालयात नवा विभाग उभा राहू लागला की देणगीदार, विश्वस्त, डॉक्टर, परिचारिका, लेखा विभाग आणि रुग्णांचे नातेवाईक या प्रत्येकाच्या मनात त्याचे वेगळे चित्र असते. ही चित्रे कामास आरंभ होण्यापूर्वी एका पानावर उतरवून त्यावर संबंधितांच्या सह्या घेण्याच्या पद्धतीस व्यवस्थापनशास्त्रात ‘प्रोजेक्ट चार्टर’ म्हणतात. आम्ही त्यास प्रकल्पाची सनद म्हणतो. उद्दिष्ट, व्याप्ती, खर्च, जबाबदाऱ्या आणि निर्णयाचा अधिकार एवढे तीत आले की पुरे.

धर्मादाय रुग्णालयांना तिचा नमुना दूर शोधावा लागत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये तयार झालेल्या योजनेस मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी मान्यता दिली. ‘गरिबांना मोफत उपचार’ हे शब्द त्यापूर्वीही होतेच. परंतु गरीब कोण, मोफत काय आणि पैसा कोठून, याची उत्तरे ज्याची त्याची होती. योजनेने ती आकड्यांत बांधली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. खाट, परिचर्या, चादरी, पाणी, वीज यांचे देयक लावावयाचे नाही. औषधे व साहित्य यांचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून. तातडीच्या रुग्णास प्रथम दाखल करून जीवरक्षक उपचार द्यावयाचे.

निधीची तरतूद तर हिशेबनीसाने मुद्दाम वाचावी अशी आहे. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम या निधीत जमा करावयाची असते. ही टक्केवारी नफ्यावर ठेवली असती, तर घसारा किती आणि तरतुदी किती यावर दरवर्षी वाद झाला असता. देयकांची बेरीज मात्र कोणीही वाचली तरी तीच राहते. उत्पन्नाच्या मर्यादा पुढे वाढविण्यात आल्या, पण चौकट टिकली. सनद लिहिताना असेच आकडे निवडावेत, असे आमचे मत आहे.

डायलिसिस विभागाचे उदाहरण घेऊ. देणगीतून यंत्र येते आणि त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. डायलायझर, शुद्ध पाण्याच्या संयंत्राची देखभाल, तंत्रज्ञाचे वेतन या चालू खर्चावर मात्र पाटी लावता येत नाही, म्हणून तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय एका यंत्रावर शेकडो रुग्णांची सोय होईल, अशी दात्याची सद्भावना असते. गणित निराळे आहे. एका डायलिसिसला साधारण चार तास लागतात. दिवसाला दोन पाळ्या आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर एका यंत्रावर बारा वेळा डायलिसिस होते. आठवड्यातून तीनदा येणारे रुग्ण त्यात चारच बसतात. हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णांसाठी यंत्र वेगळे ठेवावे लागते, एखादे राखीवही असावे लागते.

उरण वा पनवेलच्या गावाहून कामाचा दिवस बुडवून येणाऱ्या रुग्णास एकदा घेतले की निधी आटला म्हणून मध्येच थांबविता येत नाही. त्याचे आयुष्य त्या तीन फेऱ्यांवर चालते. म्हणून सनदेत यंत्रांच्या संख्येआधी रुग्णांची संख्या लिहावी, आणि ती पुढील वर्षाच्या चालू खर्चाची सोय पाहून ठरवावी. निधी अमुक रकमेखाली गेल्यास नवीन नोंदणी थांबेल, जुन्या रुग्णांचे उपचार चालू राहतील, हेही लिहावे. मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि घरी घ्यावयाची औषधे योजनेबाहेर असतील, तर तसे पहिल्याच भेटीत नातेवाइकांना सांगावे. हे वाक्य कटू वाटते. पण घरदार गहाण ठेवण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबास ते वेळेवर कळणे अगत्याचे आहे.

रुग्ण निवडीचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे कलम बहुधा संकोचाने मोकळे सोडले जाते. तेथे मूत्रपिंडतज्ज्ञ, वैद्यकीय समाजसेवक आणि लेखाधिकारी अशा तिघांची पदे नमूद करावीत. विश्वस्तांकडून वा देणगीदारांकडून आलेली शिफारस याच तिघांपुढे, प्रतीक्षा यादीच्या क्रमाने जावी. सह्या झालेली प्रत मराठीत, मोठ्या अक्षरांत, विभागाच्या दाराबाहेर लावावी आणि दर सहा महिन्यांनी तिच्यातील आकडे निधीच्या शिलकेशी ताडून पाहावेत.